सळया सोडलेली घरं

बोल्हेगाव किंवा नवनागापूरच्या एखाद्या गल्लीत उभं राहून वर पाहिलं, तर घरांच्या छपरांवर एक वेगळंच पीक दिसतं. स्लॅबच्या चारी कोपऱ्यांतून दोन-तीन फूट उंचीच्या लोखंडी सळया वर आलेल्या असतात. कुठे त्यांच्या टोकांवर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उलट्या घातलेल्या, कुठे गंजू नयेत म्हणून सिमेंटचं पाणी फासलेलं. दोन सळयांमध्ये दोरी ताणून कपडे वाळत घातलेले, तिसरीला टीव्हीची छत्री बांधलेली. खाली मात्र घर एकाच मजल्याचं, बाहेरून प्लास्टर न झालेलं. गवंड्याला विचारलं तर तो म्हणतो, "सळया सोडल्यात." म्हणजे वरचा मजला यायचा आहे. पुढच्या वर्षी, मुलगा कामाला लागल्यावर किंवा भिशी लागल्यावर. काही सळया दहा-दहा वर्षं वाट बघतात.

अहिल्यानगरमध्ये, म्हणजे अजूनही बहुतेकांच्या तोंडी असलेल्या नगरमध्ये, कष्टकरी माणूस घर कसं मिळवतो याचा सगळा हिशेब या सळयांत आहे. तो घर विकत घेत नाही. आधी जागा, मग जोतं, मग पत्र्याची खोली, मग स्लॅब, मग सळया, असं ते टप्प्याटप्प्याने पिकवतो. पंचाईत अशी, की आपले कायदे, बँका आणि सरकारी योजना बहुतांशी पूर्ण झालेल्या, कागदपत्रांनी नटलेल्या घरालाच ओळखतात.

मलिक अहमदने 1490 मध्ये भिंगारजवळ वसवलेलं हे शहर बराच काळ वेशीच्या आतच राहिलं. 2003 मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली, 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या साडेतीन लाखांवर गेली, आणि त्यानंतरची वाढ मोजायला नवी जनगणना अजून यायची आहे. पण ती वाढ कुठे गेली हे नावांवरूनच कळतं. गावडे मळा, बोरुडे मळा, ढवण वस्ती: सावेडीच्या बाजूला आज या नावांच्या पाट्या दुकानांवर आणि अपार्टमेंटवर आहेत. जिथे मोट आणि विहीर होती, तिथे आता पार्किंग आहे. मळेवाल्याने जमीन विकली किंवा बिल्डरला दिली, शहर पुढे सरकलं आणि कष्टकरी माणूस त्याच्याही पुढे ढकलला गेला. नागापूरच्या एमआयडीसीत हातावर पोट असलेला कामगार बोल्हेगाव, निंबळककडे गेला, तर बाजारपेठेत हमाली करणारा केडगावच्या टोकाला.

एक काळ असा होता, की एमआयडीसीतल्या क्रॉम्प्टन ग्रीव्हज किंवा लार्सन अँड टुब्रोसारख्या कारखान्यात 'कायम' झालेला कामगार सोसायटीत प्लॉट घ्यायचा, प्रॉव्हिडंट फंडातून पैसे उचलायचा आणि निवृत्तीपर्यंत टुमदार बंगली उभी करायचा. सावेडीतल्या जुन्या कॉलन्यांत अशी घरं अजून दिसतात. आज त्याच गेटमधून आत जाणाऱ्यांत मोठा भरणा लेबर काँट्रॅक्टरच्या माणसांचा आहे. काम तेच, पाळी तीच. पगारपत्रक मात्र आज एका ठेकेदाराचं, सहा महिन्यांनी दुसऱ्याचं.

हा फरक घराच्या बाबतीत किती महाग पडतो, ते आकड्यांत पाहू. हिशेबासाठी 20 लाखांचा लहानसा फ्लॅट धरू. एवढ्या रकमेच्या घराला बँक नियमाप्रमाणे किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 18 लाख कर्ज देऊ शकते. कायम नोकरी आणि स्वच्छ पगारपत्रक असलेल्याला ते साडेआठ टक्क्यांनी मिळालं, तर 20 वर्षांसाठी महिन्याचा हप्ता साधारण 15,600 रुपये. ज्याचं उत्पन्न रोखीत आहे, ज्याच्या हातगाडीला किंवा शिलाई मशीनला पगारपत्रक नाही, त्याला बँक दारातूनच परत पाठवते आणि तो खासगी गृहवित्त कंपनीकडे जातो. तिथे 12 टक्के धरले, तर तोच हप्ता 19,800 च्या पुढे. वीस वर्षांत दोघांच्या परतफेडीत सुमारे दहा लाखांचा फरक पडतो. घर एकच, भिंती त्याच, पण गरीब माणसाला ते दहा लाखांनी महाग.

आणि हे झालं हप्ता भरू शकणाऱ्यांचं. नवरा-बायको मिळून महिना 18 हजार कमावणाऱ्या घराला उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे 9 हजारांचा हप्ता झेपेल असं बँक फार तर मान्य करते. 12 टक्क्यांनी त्यात जेमतेम आठ लाखांचं कर्ज बसतं. शिवाय पदरचे दोन लाख, मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, मीटर. घर बाईच्या नावावर घेतलं तर 2021 पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, तेवढाच दिलासा.

तोवर भाड्याची खोली. जुन्या वेशीच्या आत, तोफखाना किंवा सर्जेपुऱ्याच्या बोळांत वाड्यांतल्या खोल्यांना अजून कुठे कुठे जुनी भाडी आहेत. मालकाला ती परवडत नाहीत म्हणून वाडा दुरुस्त होत नाही, आणि भाडेकरूला सोडवत नाही म्हणून तो वाडा पडेपर्यंत राहतो. नव्याने येणाऱ्याला तिथे जागा नाहीच. त्याच्या वाट्याला येते एमआयडीसीच्या आसपासच्या चाळवजा खोल्यांतली एक खोली: अकरा महिन्यांचा करार, चार बिऱ्हाडांत एक संडास, आणि दर करारागणिक वाढणारं भाडं.

म्हणून मग गुंठा.

शहराच्या कडेला रविवारी सकाळी जो व्यवहार चालतो, तो एकदा जवळून बघण्यासारखा आहे. एजंट मोटारसायकलवरून किंवा गाडीत बसवून गिऱ्हाईक नेतो. माळावर चुन्याच्या रेघा मारलेल्या असतात, मध्ये मुरूम टाकलेला 'तीस फुटी रोड', कोपऱ्यात एक खांब, कारण लाइट 'येणारच आहे'. गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, एकराचा चाळिसावा भाग. पूर्ण झेपत नसेल तर अर्धाही मिळतो. इसार तिथेच, उरलेले सहा महिन्यांत. कागद? एजंट सांगतो, काळजी नको, सगळ्यांनी असंच घेतलंय. आणि हे मात्र तो खरं सांगतो.

शेतजमिनीचे फार लहान तुकडे पडू नयेत म्हणून 1947 पासून राज्यात तुकडेबंदीचा कायदा आहे. ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा कमी जमिनीचं खरेदीखत सरळ नोंदवता येत नाही, आणि ते क्षेत्र गुंठ्यांत दोन आकडी आहे. कायदा शेतीसाठी केलेला, पण त्याचा वरवंटा फिरला शहराच्या कडेच्या खोलीवर. मग लोकांनी वाटा शोधल्या. कोणी शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतली, कोणी साठेखतावर थांबलं. दहा-अकरा अनोळखी माणसांनी एकत्र येऊन सामाईक खरेदी केली आणि सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं लावली. अशा सातबाऱ्यावर कोणाचा तुकडा कुठला ते कागद सांगत नाही, ते फक्त चुन्याच्या रेघांना ठाऊक. एका सहहिस्सेदाराची बँकेची थकबाकी झाली किंवा त्याच्या भावांनी वाद काढला, की उरलेले सगळे तलाठ्याच्या दारात.

अशा जागेला रीतसर एन.ए. नाही, मंजूर ले-आउट नाही, म्हणून बांधकाम परवाना नाही. परवाना नाही म्हणून बँकेचं कर्ज नाही. विनापरवाना घराला महापालिका घरपट्टी मात्र लावते आणि वर शास्तीही. म्हणजे कर घेताना घर दिसतं, हक्क देताना दिसत नाही.

सरकारला हे माहीत नाही असं नाही. 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदाच झाला. 1 जानेवारी 2001 पर्यंतच्या गुंठेवारीला शुल्क भरून मान्यता द्यायची असं त्यात ठरलं. नंतर वीस वर्षं लोक गुंठे घेतच राहिले, तेव्हा 2021 मध्ये ती मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत पुढे नेली. 2025 मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी शहरी भागातल्या एक-एक गुंठ्याच्या जुन्या व्यवहारांसाठी तुकडेबंदी शिथिल करण्याची घोषणा केली, तेव्हा राज्यातल्या सुमारे 50 लाख कुटुंबांना त्याचा लाभ होईल असा सरकारचाच अंदाज होता. पन्नास लाख कुटुंबं ज्या नियमाबाहेर राहतात, त्या नियमाला अपवाद कोणाला म्हणायचं?

याची खरी झळ लागते ती प्रधानमंत्री आवास योजनेचा अर्ज भरताना. जून 2015 मध्ये सुरू झालेल्या शहरी आवास योजनेत, वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अडीच लाख मिळतात. सळया सोडत सोडत घर बांधणाऱ्यासाठीच जणू ही योजना आखली आहे. पैसे टप्प्यांत येतात, प्रत्येक टप्प्याला जागेचं अक्षांश-रेखांशासह छायाचित्र काढलं जातं, आधी जोतं, मग लिंटल, मग छत. घर बाईच्या नावावर किंवा तिच्यासह असावं लागतं, ही अट तर सोन्यासारखी. पण पहिलाच कागद लागतो तो जागेच्या मालकीचा. नोटरीवर घेतलेल्या अर्ध्या गुंठ्याचा मालक तिथेच गळतो. उलट ज्याच्याकडे वडिलोपार्जित, निर्वेध सिटी सर्व्हेचा उतारा आहे, त्याचं काम होतं. अनुदान गरजेच्या मागे जाण्याऐवजी उताऱ्याच्या मागे गेलं.

आणखी एक अट आहे: कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं. ऐकायला रास्त. पण पाथर्डी-शेवगावकडून आलेल्या कित्येकांचं नाव गावच्या आठ-अ वर भावांच्या बरोबरीने असतं. घर तीन खोल्यांचं, वारस सहा.

बांधकामाच्या मालाचंही एक स्थानिक प्रकरण आहे. 600 रुपये ब्रास दराने सरकारी वाळू देण्याच्या धोरणातला राज्यातला पहिला डेपो सुरू झाला तो याच जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातल्या नायगावला, 1 मे 2023 रोजी. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. दोन खोल्या बांधणाऱ्याला वाळूचे भाव सोन्यासारखे वाटत असताना हा दर ऐकून गवंड्यांनाही हसू आलं असेल. डेपोंची पद्धत दोन वर्षांत गुंडाळली गेली आणि 2025 च्या नव्या धोरणात घरकुलवाल्यांना पाच ब्रास वाळू मोफत ठेवली. पुन्हा तेच, मंजूर घरकुलवाल्यांना.

मग पैसा येतो कुठून? भिशी, बचत गट, बायकोच्या अंगावरचं डोरलं, आणि पतसंस्था. नगर हा सहकाराचा जिल्हा. राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरेच्या काठी निघाला, आणि गल्लीतल्या पतसंस्थेची पाटी इथे वाण्याच्या दुकानाइतकी ओळखीची. रोजचे पन्नास रुपये गोळा करायला येणारा पिग्मी एजंट हाच कष्टकऱ्याचा खरा बँकर. पण या पैशालाही छत लागतं. नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँक 1910 मध्ये स्थापन झालेली, शंभरी ओलांडलेली. ऑक्टोबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा असतो, त्यामुळे लहान ठेवीदाराचे पैसे बुडत नाहीत. पण ठेव मोडून स्लॅब टाकायचं ठरवलेल्याला तारीख गाठायची असते. गवंडी आणि सेंट्रिंगवाला विम्याच्या कागदावर थांबत नाहीत.

या सगळ्यात नगरच्याच काटवन खंडोबा परिसरातलं संजयनगर थोडं निराळं उठून दिसतं. सुमारे दोन एकरांत 298 कुटुंबांची ही झोपडपट्टी. कचरा वेचणारे, धुणीभांडी करणाऱ्या बायका, बिगारी. झोपडपट्टी हटवायची म्हटली की शहराबाहेर इमारती बांधायच्या आणि चिठ्ठ्या टाकून घरं वाटायची, ही आपली सरधोपट पद्धत. संजयनगरमध्ये तसं झालं नाही. महापालिका, 'स्नेहालय' ही नगरची संस्था, आणि मुंबईच्या वास्तुविशारद संध्या नायडू जनार्दन यांची 'कम्युनिटी डिझाइन एजन्सी' एकत्र आली. करी स्टोन फाउंडेशनचा हातभार लागला, आवास योजनेचं अनुदान जोडलं गेलं, आणि ठरलं की लोक आहेत तिथेच राहतील.

मग रहिवाशांना बसवून विचारणं सुरू झालं. झोपडीत राहणाऱ्या बाईला सदनिकेचा नकाशा दाखवून काही कळत नाही, असं समजणारे बरेच असतात. प्रत्यक्षात तिला सगळ्यात आधी कळतं ते हे, की दार उघडल्यावर समोर भिंत आहे की शेजारीण. झोपडपट्टीत घर आठ-दहा पावलांत संपतं, पण राहणं दारापुढच्या ओट्यावर चालतं. भाजी तिथेच निवडायची, पोरं तिथेच खेळणार, म्हातारं माणूस तिथेच बाज टाकून बसणार. पाण्याचा टँकर आला तर हंडा शेजारणीने लावायचा, कामावरून उशीर झाला तर पोराला जेवू तिनेच घालायचं. चिठ्ठीत शेजारीण चौथ्या इमारतीत गेली, की पाळणाघराचा खर्च सुरू होतो. तो कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो. म्हणून संजयनगरच्या इमारतींत घरं मोकळ्या चौकांभोवती गटागटाने आखली, आणि शेजार टिकावा हेही आराखड्यातच धरलं. 2022 पासून कुटुंबं टप्प्याटप्प्याने नव्या घरांत जाऊ लागली.

काम सावकाश झालं, हे खरं. लोकांना विचारत बसलं की वेळ लागतोच, आणि त्या वेळेत सिमेंटचे भाव थांबत नाहीत. बदली झालेल्या अधिकाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. 298 घरांना इतकी वर्षं लागली तर बाकीच्या वस्त्यांचं काय, हा प्रश्न रास्त आहे.

त्याचं एक उत्तर सोलापुरात आहे, आणि नगरच्या विडी कामगारांना ते चांगलं माहीत आहे. नगरला तोफखान्यापासून सावेडीच्या श्रमिकनगरापर्यंत तेलुगू बोलणारी पद्मशाली कुटुंबं आहेत. विणकामासाठी आलेल्या या समाजातल्या बायकांनी नंतर पिढ्यान्‌पिढ्या विड्या वळल्या. विडीवालीचं घर हाच तिचा कारखाना. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली टेंभुर्णीची पानं, हातात कातरी. खोलीत खिडकी नसेल तर तीच तंबाखूची धूळ रात्री पोरांच्या उशाशी. हजार विड्यांचा माल दुसऱ्या दिवशी कारखान्यात नेऊन मोजून द्यायचा. त्यामुळे तिच्यासाठी घराला उजेड हवा, आणि कारखान्यापासून ते फार लांब नको. 1976 च्या कायद्याने विड्यांवर उपकर बसवून विडी कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला, त्यातून घरासाठीही मदत मिळू लागली. 2017 मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर संपला.

सोलापूरच्या विडी कामगार बायकांनी कॉम्रेड नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षं मोर्चे काढले. कुंभारीच्या माळावर दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. वारली आदिवासींच्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांचं नाव तिला दिलं, आणि 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचं वाटप झालं. पुढे तिथेच रे नगर, असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा प्रकल्प. जानेवारी 2019 मध्ये पायाभरणी आणि 19 जानेवारी 2024 रोजी पहिल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण, दोन्ही पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते. लाल बावट्याची सोसायटी आणि व्यासपीठावर मोदी, हे चित्र महाराष्ट्राने तेव्हा डोळे चोळून पाहिलं.

तीस हजार घरं एका माळावर, प्रत्येकी सुमारे तीनशे चौरस फूट. एवढा आकडा गाठला तो जमीन एकगठ्ठा घेतल्यामुळे आणि सभासद संघटनेत बांधलेले असल्यामुळे. पण कुंभारी सोलापूरपासून दहा-बारा किलोमीटर. शहरात धुणीभांडी करणारीला, फळाची गाडी लावणाऱ्याला येण्याजाण्याचा खर्च रोज. संजयनगर शहरात राहिलं पण लहान, रे नगर मोठं झालं पण लांब. नगरमध्ये या दोन्हींच्या मधली जागा खूप आहे, आणि ती आज चुन्याच्या रेघांनी भरते आहे.

इथे इंदूरच्या अरण्य वसाहतीची आठवण येते. पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी ती 1980 च्या दशकात आखली, सुमारे साडेसहा हजार प्लॉटची. गरीब कुटुंबाला पूर्ण घर न देता त्यांनी दिलं जोतं, संडास-मोरी, पाणी, गटार आणि पक्का कागद. वरचं ज्याने त्याने ऐपत होईल तसं बांधायचं. त्या कामाला आगा खान पुरस्कार मिळाला, आणि 2018 मध्ये दोशींना वास्तुकलेतला प्रित्झकर मिळाला, तेव्हा अरण्यचं नाव पुन्हा जगभर घेतलं गेलं. बोल्हेगावचा गवंडी हेच करतो आहे, पुरस्काराशिवाय. फरक इतकाच की इंदूरमध्ये गटार आधी आलं आणि घर नंतर. इथे घर आधी येतं, सळया येतात, पोरं शाळेत जातात, आणि मग एका निवडणुकीच्या आधी गटाराचं भूमिपूजन होतं.

महापालिकेने शहराच्या कडेची दहा-वीस एकर जमीन घ्यावी, रस्ते, मुळा धरणाचं पाणी आणि ड्रेनेज टाकावं, आणि अर्ध्या-अर्ध्या गुंठ्याचे नोंदणीकृत प्लॉट हप्त्यांवर द्यावेत, यात अशक्य काही नाही. सावेडीत 'प्रेमदान हडको' हे नाव आजही रिक्षावाल्याच्या तोंडी आहे. हडको ही 1970 मध्ये घरबांधणीला कर्ज देण्यासाठी स्थापन झालेली सरकारी संस्था. सरकारी पैशातून साध्या माणसाची वसाहत होऊ शकते, हे या शहराने पाहिलेलं आहे. पण गेल्या काही वर्षांत अनुदान छतावर जास्त आणि जमिनीवर कमी खर्च होतं. छताचा फोटो काढता येतो.

सप्टेंबर 2024 पासून आवास योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला आहे. अर्ज पुन्हा भरले जात आहेत, झेरॉक्सच्या दुकानांत आधार, उत्पन्नाचा दाखला आणि साठेखताच्या प्रती निघत आहेत. खिडकीवरचा माणूस साठेखत परत सरकवतो आणि उतारा मागतो.

बोल्हेगावात मात्र कामाचं वेळापत्रक वेगळ्याच गोष्टींवर ठरतं. भिशीचा नंबर चैत्रात लागला तर मृगाच्या आत वरचा स्लॅब पडू शकतो. सेंट्रिंगवाल्याला सांगून ठेवलेलं असतं, खडीवाल्याकडे उधारी चालते. नंबर लागला नाही तर गवंडी शिडीवरून वर चढतो, सळयांवरच्या बाटल्या काढतो, गंज घासून पुन्हा सिमेंटचं पाणी फासतो आणि बाटल्या परत घालून खाली उतरतो.